होमस्कूलिंग: ठरलेला अभ्यासक्रम आणि मुलांची आवड, मेळ कसा घालता?

नदीकाठ
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरात राहतो. मोठा मुलगा सहा वर्षांचा, धाकटी साडेतीनची. मोठ्याला शाळेत घातलेलं नाही. का नाही, यावर सासर-माहेर दोन्हीकडे भरपूर चर्चासत्रं झाली आहेत, तेव्हा इथे ती नकोत, ही हात जोडून विनंती.

बालभारतीची पहिलीची पुस्तकं पीडीएफ उतरवून झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेतली आहेत. गणिताची एक वेगळी वर्कबुक आहे. नाश्ता झाला की आम्ही बसतो. पण चिरंजिवांना सध्या फक्त आगगाडी दिसते. इंजिनांचे प्रकार, कुठली गाडी कुठे थांबते, डबे किती, हेच दिवसभर. पुस्तक बाजूला ठेवून त्याच्या मागे गेलं तर गणित आठवडाभर उघडलंच जात नाही. पुस्तक रेटलं तर चेहरा असा होतो की मलाच शाळेत असल्यासारखं वाटतं. मग घरी ठेवून मिळवलं काय?

लहान मुलांच्या बाबतीत ठरलेला अभ्यासक्रम आणि त्यांची आवड हे दोन्ही कोणी सांभाळलंय का? वेळ कसा वाटता? आवडीतूनच सगळं येतं असं म्हणतात, ते कितपत खरं? आणि धाकटीचं काय करायचं? ती सतत मध्ये येऊन पेन्सिल पळवते.

भाकरवडी_प्रेमी
सोशलायझेशनचं काय?

नदीकाठ
@भाकरवडी, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत तरी वाचायचंत हो.

भाकरवडी_प्रेमी
हलके घ्या. कोणीतरी विचारणारच होतं, मी पटकन उरकून टाकलं.

मूकवाचक
वाचतोय. शंभरी गाठणार हा धागा.

चिंचोका
आमची मोठी आता नऊ वर्षांची आहे, शाळेत कधीच गेली नाही. सुरुवातीला आम्हीही याच पेचात होतो. आमच्यापुरता सुटला तो असा.

सगळे विषय एका मापाने मोजायचे नाहीत. काही विषयांना पायऱ्या असतात. दशक कळल्याशिवाय हातचा कळत नाही, हातचा कळल्याशिवाय दोन अंकी वजाबाकी नाही. वाचनाचंही तेच, अक्षरं आली की काना-मात्रा, मग जोडाक्षरं. इथे पायरी गाळली तर पुढे मूल अडखळतं आणि आपल्याला वाटतं याला डोकंच नाही. या दोन गोष्टींना अभ्यासक्रम हवा. रोज हवा आणि थोडाच हवा.

परिसर, विज्ञान, इतिहास, भूगोल यांना या वयात पायऱ्या नाहीत. आधी मुंगी मग नदी, की आधी नदी मग मुंगी, काही फरक पडत नाही. तिथे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेला चिकटून राहायचं कारण काय? तिथे मुलाला पुढे जाऊ द्या.

आमच्याकडे सहाव्या-सातव्या वर्षी वीस मिनिटं वाचन, वीस मिनिटं गणित, बस्स. शार्लट मेसन नावाच्या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ होत्या (१८४२–१९२३). त्यांचं सांगणं हेच होतं की लहान मुलांचे धडे छोटे ठेवा, लक्ष उडायच्या आत थांबा, आणि मुलाने ऐकलेलं त्याच्याच शब्दांत सांगू द्या. सहा वर्षांच्या आधी तर औपचारिक धडेच नकोत असं त्या म्हणत. त्यांचं सगळं मला पटतं असं नाही, पण वीस मिनिटांच्या नियमाने आमच्या घरातली रडारड थांबली.

आणि गाडीवेड्या मुलाला आठवडाभर गणित नाही म्हणतेस? गाडीत गणित सोडून आहे काय?

इंदिरानगरवाली
चिंचोकाला +१. नदीकाठ, शेजारीणच निघालीस की! विपू (विचारपूस) बघ.

कसारा_लोकल
अखेर एक कामाचा मुलगा सापडला या संस्थळावर. त्याला इगतपुरीला घेऊन जा. कसारा ते इगतपुरी थळ घाटात चढ आहे १ : ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. बँकर म्हणतात त्यांना. इगतपुरीला ती सुटतात. लोखंडी चाक लोखंडी रुळावर असतं, पकड कमी, म्हणून एवढासा चढही गाडीला जड जातो.

घरी करायचा प्रयोग: १११ सेंटिमीटरची फळी घ्या, एका टोकाखाली ३ सेंटिमीटरची वही ठेवा. झाला थळ घाट. त्यावर खेळण्यातली गाडी सोडून बघा, मग चढवून बघा. ३७ चा पाढा तिथल्या तिथे सुरू.

भाकरवडी_प्रेमी
सहा वर्षांच्या मुलाला ३७ चा पाढा? कसाऱ्याला तुम्हालाच मागून इंजिन लावायची गरज दिसते.

कसारा_लोकल
३७ चे फक्त तीन घास, भाऊ. ३७, ७४, १११. एवढं तर चालतं.

द्राक्षबाग
अवांतर: पंचवटी एक्सप्रेस १९७५ ची. आमच्या वडलांचा पास होता तिचा. मनमाडहून सुटणाऱ्या गाडीत नाशिकरोडला जागा मिळवणं हा विषय कुठल्याच बोर्डात शिकवत नाहीत, आणि आयुष्यात तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

कसारा_लोकल
द्राक्षबाग, पासधारकांच्या डब्यातल्या नियमांवर वेगळा धागा काढा. मी येतो.

नदीकाठ
फळीचा प्रयोग आज केला! वहीखाली वही ठेवून तीन सेंटिमीटर पट्टीने त्याने स्वतः मोजले. पाचेक मिनिटं घाट झाला. मग त्याच फळीवरून धाकटीच्या बाहुलीची घसरगुंडी सुरू झाली आणि १ : ३७ चं १ : २ कधी झालं कळलंच नाही. नवरा म्हणतो, हाच खरा प्रयोग.

अनवट
मी इथे थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

फळी कोणी आणली? मोजायचं कोणी ठरवलं? ३७ चा पाढा कोणाच्या डोक्यातून आला? हे सगळं मोठ्यांचं. मुलाला गाडी आवडते म्हणून आपण गाडीला गणित चिकटवलं, आणि त्याला 'आवडीतून शिक्षण' असं नाव दिलं. मुलं हुशार असतात, त्यांना वास येतो. आईला गाडीचं काही सांगितलं की आई लगेच वही काढते, हे एकदा कळलं की ती सांगणंच बंद करतात. आमच्या घरी मुलीला पक्षी आवडायचे. मी उत्साहाने तक्ते, नोंदवही, प्रश्नमंजूषा असं सगळं केलं. पक्षी संपले. तीन महिन्यांनी ती कोणाला न सांगता गॅलरीतल्या होल्याच्या घरट्यापाशी बसायला लागली, तेव्हा मी तोंडाला कुलूप लावलं.

जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने १९७७ मध्ये याच विषयाचं एक नियतकालिक काढलं आणि 'अनस्कूलिंग' हा शब्द रूढ केला. त्यांचा भर मुलावरच्या विश्वासावर होता. आम्ही सकाळचा ठरलेला तासही ठेवत नाही. आमची मुलगी आठव्या वर्षी वाचायला लागली, आणि मग थांबलीच नाही. 'पायऱ्या' हा मोठ्यांच्या डोक्यातला जिना आहे.

चिंचोका
अनवट, पक्ष्यांबद्दल शंभर टक्के सहमत. आवडीचा तास हा आवडीचाच राहिला पाहिजे, त्यावर परीक्षा नको. पण जिन्याबद्दल असहमत. मुलं 'पस्तीस' ऐकून आधी ५ लिहितात, मग ३. आपली मराठी संख्यानावं एकक आधी बोलतात म्हणून. हे मुलाला गॅलरीत बसून कळत नाही, कोणीतरी दहाच्या जुड्या समोर ठेवून दाखवावं लागतं. एकदा कळलं की मग हवं तिथे उडू दे.

उघडी_खिडकी
मी अध्ययन-अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम करते, म्हणून एवढंच लिहिते.

आठव्या वर्षी आपलं आपण वाचायला लागणारी मुलं असतात, नाही असं नाही. पण आठव्या वर्षी वाचत नसलेली सगळीच मुलं 'अजून तयार नाहीत' अशी नसतात. काहींना डिस्लेक्सिया (अक्षरं-शब्द वाचण्यातली अडचण) असतो, काहींचा चष्म्याचा नंबर निघतो, काहींना कमी ऐकू येतं. शाळेत निदान कोणीतरी तक्रार करतं. घरी 'त्याची वेळ आली की येईल' म्हणत दोन वर्षं सहज जातात.

सहा-साडेसहापासून रोज थोडं, नीट शिकवूनही सातव्या वर्षाच्या शेवटी अक्षरं जोडता येत नसतील, यमक ओळखता येत नसेल, कालचं अक्षर आज नवं वाटत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग तज्ज्ञांकडून वाचनाचं मूल्यांकन. त्यात कमीपणा काही नाही. 'रोज थोडं' याचा मोठा उपयोग हाच, की कुठे अडलंय ते वेळेत दिसतं.

अनवट
हे मान्य. डोळे आम्ही तपासले होते, ते लिहायचं राहिलं.

माई_पंचवटी
माझ्या नातवाला आम्ही पावकी-निमकी शिकवली नाही, कारण मलाच आता अर्धी आठवते. पण तिन्हीसांजेला पत्ते खेळतो. सातआठमध्ये हात मोजतो, झब्बूत लहानमोठं कळतं. चिंचोके पाच-पाचच्या ढिगात लावतो. भाजीवाल्याला पैसे तो देतो, उरलेले तो मोजून घेतो. मेथीची जुडी दहाला एक, पंचवीसला तीन, मग कोणती घ्यायची? परवा म्हणाला, आजी, आपल्याला तीन लागणारच नाहीत, स्वस्त काय उपयोगाचं? आता याला गणित म्हणायचं की नाही ते तुम्ही शिकलेल्या लोकांनी ठरवा.

मूकवाचक
माईंचा नातू अर्थमंत्री होणार.

झेडपी_गुरुजी
नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत बराच काळ होतो. आता सेवानिवृत्त. शाळेत न घालण्याला माझा पाठिंबा नाही, हे आधी सांगतो. पण विचारलंय ते शिकवण्याबद्दल, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट. मुलाच्या मागे जाऊन शिकवणं ही परदेशातून आलेली कल्पना नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला काम वाढवलं. आदिवासी मुलं गुरं वळायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. मुलं दगड, पानं, बिया गोळा करतात ना, मग त्यावरच मोजणी. पण लक्षात घ्या, ताराबाईंनी आवड वापरली म्हणून आखणी सोडली नव्हती. साहित्य आधी ठरलेलं असे, काय शिकवायचं ते बाईंच्या डोक्यात पक्कं असे. मुलाला ते दिसत नसे, एवढंच. अनवट ताईंना मोठ्यांचा हात दिसला की त्रास होतो. माझं म्हणणं, हात असावा, फक्त मुलाच्या खांद्यावर सतत नको.

दुसरी गोष्ट. बालभारतीच्या पुस्तकाला लोक उगाच भितात. पहिलीच्या पुस्तकात अक्षरं अ-आ-इ-ई अशी ओळीने येत नाहीत, गटागटाने येतात. थोडी अक्षरं आली की लगेच शब्द. र, म, क, ल एवढी चार आली की 'कमल', 'कर', 'मका', 'काला' इतकं वाचता येतं, एक काना शिकवला की झालं. तुमच्या मुलाला गाडीची ओढ आहे तर गट तुम्ही बदला. रूळ, गाडी, डबा, घाट, कसारा. क्रम मोडला तर पुस्तकाला राग येत नाही.

तिसरी. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार काढलं होतं, त्यात नाशिक जिल्ह्याचंही आहे. ते मिळवा. नद्या, पिकं, तालुके, सगळं आपलं. सहा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायला उत्तम. इयत्तेचा शिक्का पाहू नका.

नदीकाठ
गुरुजी, मनापासून आभार. 'रूळ, गाडी, डबा' लगेच करते. जिल्ह्याचं पुस्तक आहे हे ठाऊकच नव्हतं.

शेपूची_भाजी
गुरुजी, बत्तीस वर्षांत वर्गात हे करायला मिळालं का हो? प्रामाणिकपणे विचारतेय, टोमणा नाही.

झेडपी_गुरुजी
शेपूताई, चार इयत्ता एका खोलीत होत्या तेव्हा जास्त मिळालं. वरून बघायला कोणी येत नसे. पुढे प्रशिक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, फोटो पाठवणं वाढलं. मग कमी मिळालं.

वकिली_डोकं
कायद्याचं कोणी विचारलेलं नाही, पण कुठल्याही होमस्कूलिंग धाग्यावर पन्नासाव्या प्रतिसादाला विचारतातच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयोगटासाठी. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याचा त्यात थेट उल्लेख नाही. कलम ४ महत्त्वाचं: शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही वयाप्रमाणे योग्य इयत्तेत प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे आठव्या-नवव्या वर्षी शाळेत घालायचं ठरवलं तर दार बंद होत नाही.

परीक्षा हवीच असेल तर एनआयओएसचा (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) मार्ग आहे. त्यांच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तीन स्तर असतात, ढोबळमानाने तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं. सहा वर्षांच्या मुलासाठी यातलं काहीही आज करायची गरज नाही. जन्मदाखला नीट जपून ठेवा, बाकी शांत झोपा.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक घरी आले तर चहा द्या, वाद घालू नका. त्यांनाही वरून यादी आलेली असते.

झेडपी_गुरुजी
साखर कमी.

द्राक्षबाग
आमच्या आईला कोणीतरी सांगितलं, नातू 'मुक्त'मधून शिकणार. ती सगळ्या गावाला सांगत सुटली की पोरगं पाच वर्षांचं आहे आणि गंगापूर धरणाजवळच्या मुक्त विद्यापीठात जातं. दोन स्थळं आली हो त्याच्या काकाला यावरून.

शेपूची_भाजी
द्राक्षबाग 😂

इंदिरानगरवाली
नाशिकच्या लोकांसाठी फिरायच्या जागा लिहिते, नदीकाठने विचारल्या नसल्या तरी.

सिन्नरचं गारगोटी संग्रहालय. आमच्या मुलाला दगड गोळा करायचा नाद. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत खनिजयुक्त पाणी झिरपून स्फटिक तयार झाले. झिओलाइट, ॲपोफिलाइट, स्टिलबाइट. तिथून आल्यापासून तो बांधकामाच्या प्रत्येक खड्ड्यापाशी थांबतो. मी खिशात प्लास्टिकची पिशवी ठेवते, बाकी काही नाही.

हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी-कडवाच्या संगमावरचं पाणी, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. सकाळी लवकर जा. लहान मुलांना दुर्बिणीतून पक्षी सापडत नाही, रडतात. आधी साध्या डोळ्यांनी दिसणारे दाखवा: वारकरी, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या. चमचा दिसला तर लॉटरी, त्याची चोच मुलांना एकदा पाहून कायम लक्षात राहते.

अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. आणि सार्वजनिक वाचनालय, १८४० पासून आहे आपलं. पुस्तक मुलाला स्वतः काढू द्या, चुकीचं काढलं तरी. पांडवलेणीला मुलांना लेणी बघायची नसतात, पायऱ्या मोजायच्या असतात. मोजू द्या.

अनवट
'पिशवी ठेवते, बाकी काही नाही' हे वाक्य चौकट करून लावावं.

कसारा_लोकल
यादीत इगतपुरी स्टेशन नाही. निषेध.

शेपूची_भाजी
आता जरा कडू बोलते, नाव सार्थ करायला.

या धाग्यावर चिंचोका, नदीकाठ, अनवट, इंदिरानगरवाली. फळी आणली आईने, पिशवी ठेवली आईने, संग्रहालयाची वेळ विचारली आईने, वर्कबुक तपासली आईने. बाबा लोक घाटाचा चढ सांगून आणि मुक्त विद्यापीठाचे विनोद करून मोकळे. 'ठरलेला अभ्यासक्रम आणि आवड' यातला तिसरा घटक म्हणजे घरात राहणारी बाई. तिच्या आवडीचं काय? रोज दोन्ही सांभाळायचं म्हणजे तिने नोकरी सोडायची की झोप? मी दोन वर्षं घरी शिकवलं, मग मुलीला शाळेत घातलं, माझी नोकरी पुन्हा सुरू केली. मुलगी ठीक आहे. मी तिच्याहून ठीक आहे.

नदीकाठ
शेपू, हे लिहिलंस बरं झालं. आमच्याकडे नवऱ्याची अंबड एमआयडीसीत शिफ्ट असते. दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात सकाळचं सगळं तोच घेतो, मी घरून काम करते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मी घेते आणि काम रात्री. रात्रीचं काम जड जातं, खोटं कशाला बोलू.

द्राक्षबाग
शेपूताईंचा बाण बसला. आमच्याकडे छाटणीच्या दिवसांत मी घरी नसतोच, सगळं बायकोवर. पण एक सांगू का, मुलगा माझ्याबरोबर बागेत येतो तेव्हा तो माझाही शाळेचा तास असतोच ना? ऑक्टोबरच्या छाटणीपासून घड तयार व्हायला किती दिवस लागले, ते तो कॅलेंडरवर रेघा मारून ठेवतो. मी त्याला 'शिक्षण' म्हणत नव्हतो, म्हणून बायकोच्या खात्यावर सगळं जमा होत राहिलं. काय भो, पुरुषांनी पण वाटा उचलायला हवा, एवढं खरं.

शेपूची_भाजी
द्राक्षबाग, रेघा मोजायचा तास नक्कीच तुमचा. पण त्या दिवशीचा डबा कोण भरून देतं तेही कॅलेंडरवर मांडा.

द्राक्षबाग
मांडतो. पेन्सिल आहे, पोरगं देत नाही.

भाकरवडी_प्रेमी
मी काही शिकवत नाही, मुलंही नाहीत, पण एक शंका. शेपूताईंच्या मुलीला दोन वर्षं घरी राहून शाळेत गेल्यावर जड गेलं का?

शेपूची_भाजी
वाचन-गणितात अजिबात नाही, उलट पुढे होती. जड गेलं ते थांबणं. प्रश्न पडला की लगेच विचारायची सवय होती, तिथे चाळीस मुलांत हात वर करून बसावं लागतं. पहिल्या पालकसभेत 'फार बोलते' अशी नोंद मिळाली. आता कमी बोलते. त्याचं मला काय वाटतं ते इथे लिहीत नाही.

उघडी_खिडकी
मूळ प्रश्नातल्या वेळेबद्दल एक. सहा वर्षांच्या मुलासाठी घड्याळापेक्षा क्रम उपयोगी पडतो. 'साडेनऊ ते साडेदहा' पेक्षा 'नाश्ता, मग वाचन, मग गणित, मग तुझं'. वाचन-गणित आधी, कारण आवडीचं काम सुरू झालं की ते थांबवणं म्हणजे भांडण. आणि दर दिवशी कुठे सोडलं त्याची एक ओळ वहीत, म्हणजे पाळी बदलली की दुसऱ्या पालकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

चिंचोका
शिवाय ताप, पाहुणे, गावची जत्रा यांचे दिवस धरून वर्षाचं गणित मांड. पुस्तक मार्चमध्येच संपलं पाहिजे असं कोणी म्हटलंय? आमची दुसरीची वही तिसरीच्या दिवाळीला संपली.

नदीकाठ
सगळं वाचलं, नवऱ्यालाही वाचायला लावलं. आता असं करतोय: नाश्त्यानंतर वाचन आणि गणित, छोटे, क्रमाने. गणिताची वर्कबुक क्रमानेच जाणार, वाचनाचे शब्द गाडीतले. दुपारी गाड्या, त्यात आम्ही काही घुसवायचं नाही, विचारलं तर सांगायचं. जिल्ह्याचं पुस्तक झोपताना. शेपूचं ऐकून रविवारी सकाळी मला सुट्टी, मुलं बाबाकडे. पहिल्या रविवारी ते तिघे नाशिकरोडला फलाटाचं तिकीट काढून बसले होते म्हणे.

पण धाकटीचं कोणीच सांगितलं नाही! तिला पण वही हवी, पेन्सिल हवी, दादासारखं 'लिहायचं' आहे. द्यायची का?

माई_पंचवटी
अगं दे की. तिची वेगळी वही दे, तिला हवं ते ओढू दे.

इंदिरानगरवाली
आमच्याकडे पाटी-खडू. चावला तरी चालतो, पुसला तरी चालतो.

झेडपी_गुरुजी
साडेतीनला अक्षरं गिरवायला लावू नका, बाकी माईंशी सहमत. या वयात बोटांत ताकद यावी लागते. कणीक मळू द्या, मटार-शेंगा सोलू द्या, जाड दोऱ्यात मणी ओवू द्या, ओल्या मातीत बोटाने रेघा, कपड्यांचे चिमटे लावणं-काढणं. दादाच्या वीस मिनिटांत तिच्यासमोर ताटलीत मूठभर राजमा आणि दोन वाट्या ठेवा, ती वेचत बसेल. मोठे दाणे ठेवा आणि लक्ष ठेवा, या वयाची मुलं नाकात घालतात.

नदीकाठ
गुरुजी, राजमा ठेवला. वेचून झाला, नाकात गेला नाही. आता तिने दादाचा खोडरबर वाटीत घेतलाय आणि तो दहाच्या जुड्या सोडून तिच्यामागे पळतोय.

कसारा_लोकल
दोन खोडरबर घ्या. आणि इगतपुरीला कधी येताय ते कळवा, सकाळी या, बँकर सुटताना फलाटावरून सगळ्यात नीट दिसतात.